ब्रेक, जीभ आणि अभ्यास (गीता ६.३५)



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या ३५व्या श्लोकावर. त्याच्या आधीच्या श्लोकात अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं म्हणजे वारा अडवण्याइतकं कठीण आहे. देव त्याला रागवत नाहीत. आधी मान्यच करतात की हो, अवघड आहे, आणि मग दोनच उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. श्लोक मला पाठ होता. कळला मात्र त्र्यंबक रोडवर आडवा पडल्यावर.

गेल्या श्रावणात आईला घेऊन निवृत्तिनाथांच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना अंजनेरी मागे पडलं, भुरभुर पाऊस सुरू, वेग पन्नासच्या आसपास. डावीकडून अचानक कुत्रं आडवं आलं. थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो, तो झटक्यात नाही तर दाब वाढवत धरायचा, हे मला माहीत होतं. व्हिडिओ पाहिले होते ना! पण त्या क्षणी उजवा पाय मागच्या ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला आणि नजर कुत्र्याला चिकटली. मागचं चाक लॉक झालं, गाडी घसरली. कुत्रं सुखरूप गेलं. आईचं मनगट मोडलं.

मला खरं लागलं ते वेगळंच. पडताना आईच्या तोंडून "रामा!" निघालं आणि माझ्या तोंडून शिवी. रोज माळ ओढणारा मी, एक डोळा फोनवर ठेवून का होईना. आई काही माळबिळ घेऊन बसत नाही. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना तिचं चालू असतं, वर्षानुवर्षं.

आठव्या अध्यायात देव म्हणतात, अंतकाळी जे आठवेल तीच गती. आणि लगेच पुढच्या श्लोकात, म्हणून सर्व काळ माझं स्मरण कर. त्या "म्हणून"वरून मी आजवर सरळ पुढे जात होतो. घाबरलेला माणूस नवीन काही करत नाही. जे अंगात मुरलंय तेच बाहेर येतं.

मग एका मित्राच्या सातपूरच्या कारखान्याचं आवार सुट्टीच्या सकाळी मागून घेतलं. कोरडं डांबर, हेल्मेट, जाड जॅकेट, हातमोजे. माझी गाडी २०१६ची, एबीएस नसलेली (१२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं १ एप्रिल २०१९पासून). सुरुवात २०च्या वेगाने. पुढचा ब्रेक आधी हलका, पुढचे शॉक दबले की मग घट्ट. मागचा हलकाच, कारण वजन पुढे येतं आणि मागचं चाक हलकं होऊन लगेच लॉक होतं. गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपर सैल. आणि नजर वर, जिथे जायचंय तिथे. माझी नजर सारखी चाकापुढे पडायची. भरकटलेलं मन जिथून सापडेल तिथून परत आणावं, असं याच सहाव्या अध्यायात सांगितलंय. मीही तेच करत होतो. पडली, उचल. पडली, उचल. पंधरा-वीस वेळा झाल्यावर मित्र मधेच हात वर करायला लागला, मला न सांगता. दोन महिने, दर आठवड्याला.

आता वैराग्य. पन्नासच्या वेगाला एका सेकंदात गाडी जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे घाबरून भानावर येईपर्यंतच एवढं अंतर संपलं, ब्रेक अजून लागायचाय. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. कितीही सराव केला तरी हे गणित बदलत नाही. मला सोडावी लागली ती घाई, आणि त्याहून चिवट असलेलं "आठ वर्षं चालवतोय, मला येतं".

परवा गंगापूर रोडवर रिक्षा एकदम आडवी वळली. हात आपोआप पुढच्या ब्रेकवर गेला, दाब वाढत गेला, गाडी सरळ थांबली. तोंडून मात्र अर्धी शिवी गेलीच. उरलेली गिळली. माळेच्या वेळी फोन आता दुसऱ्या खोलीत असतो.

आई पुन्हा मागे बसायला लागलीये. अंजनेरी आली की माझ्या खांद्यावरची तिची पकड अजून घट्ट होते.

राम कृष्ण हरी.