आलेली आणि आणलेली

आमच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटतात. त्यांच्या हातात लॅब्रॅडॉरचा पट्टा असतो, म्हणजे ओढत कोण कुणाला नेतं हा प्रश्नच आहे. परवा माझ्या हातातली मांजराच्या खाण्याची पिशवी बघून म्हणाले, "मांजर म्हणजे मतलबी जात हो. खायला मिळतं म्हणून राहते. तुम्हाला ओळखते तरी का?" तेवढ्यात मजला आला आणि उत्तर द्यायचं राहिलं. राहिलेलं उत्तर फार छळतं.

कुत्र्याची निष्ठा आणि मांजराचा तोरा यावर सगळ्यांचं सगळं बोलून झालंय. माझा मुद्दा वेगळा असतो. गाय, मेंढी, घोडा ही जनावरं माणसाने आणली, दाव्याला बांधली. मांजर आपण होऊन आलं. पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर. वाड्यातल्या मांजरीही तशाच, कुणाच्याच नसत. सकाळी एका ओसरीवर दूध, दुपारी दुसरीकडे माशाचं डोकं, बाळंतपण तिसऱ्याच्याच माळ्यावर. जिला चार दारं उघडी आहेत ती तुमच्या मांडीवर येऊन बसते, तेव्हा त्या बसण्याला किंमत असते, असं मी वर्षानुवर्षं लोकांना ऐकवत आले आहे. उंदराला मांजर साक्ष, तसा मांजराला किपलिंग. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाने १९०२ सालच्या पुस्तकात एकट्याने भटकणाऱ्या मांजराची गोष्ट लिहिली, ती माझ्या फार कामी येते.

राहता राहिलं 'ओळखते का'. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी २०१३ मध्ये मांजरांना मालकाचा आणि परक्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवला. मालकाच्या आवाजाला कान वळले, मान वळली, पण कुणी उठून यायची तसदी घेतली नाही. मांजर स्वतःचं नाव ओळखतं, हेही त्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेत क्रिस्टिन व्हिटाली यांनी पिल्लांना मालकासह अनोळखी खोलीत ठेवलं, मालकाला दोन मिनिटं बाहेर पाठवलं आणि परत बोलावलं. सुमारे ६४ टक्के पिल्लं मालक परतताच निवांत झाली आणि खोली हुंगत फिरू लागली. तान्ह्या मुलांचं प्रमाणही जवळपास तेवढंच असतं. बोलावल्यावर न येणं म्हणजे न ओळखणं नव्हे, हे ज्यांच्या घरात सोळा वर्षांचा मुलगा आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

इथवर मीच जिंकत होते. घोळ झाला तो त्या चार दारांपाशी. माझ्या मनीला एकच दार आहे, तेही बंद. सातवा मजला, गॅलरीला जाळी. ती माझ्याकडे येते, पण दुसरं जाणार कुठे?

ही घरबंद मांजर तशी अलीकडची. १९४७ मध्ये मिशिगनमधल्या एका बाईंनी एडवर्ड लो यांच्याकडे मांजराच्या पेटीसाठी वाळू मागितली. त्यांनी वाळूऐवजी ओल शोषणारी माती दिली, आणि पुढे तिचा मोठा धंदा झाला. मांजराला अंगण लागेनासं झालं. खाण्याचंही तेच. 'आजीची मांजर जन्मभर दूधभातावर जगली' असं शाकाहारी घरांतून अभिमानाने सांगतात. ती जगली पाली, उंदीर आणि शेजारच्यांच्या बोंबिलांवर, दूधभात वरचा. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य पुरेसं तयार करता येत नाही, ते मांसमासळीतून मिळावं लागतं. नाही मिळालं तर नजर जाते, हृदय कमजोर होतं. हृदयाच्या दुखण्याचं हे कारण पॉल पायन यांनी १९८७ मध्ये दाखवलं, तेव्हा विकतच्या खाण्यातही टॉरिन कमी पडत होतं. जाळीआडच्या मांजरीला बोंबील चोरता येत नाहीत. डब्यात असेल तेच खायचं, आणि डबा माझ्या हातात.

बरं, 'आपण होऊन आलं' हेही पुरतं खरं नाही. सायप्रसमध्ये शिलुरोकांबोस इथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याला लागून मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर रानमांजरं मुळात नव्हतीच. म्हणजे तेव्हाही कुणीतरी मांजराला नावेत घालून आणलं होतं.

इथे जरा आडवी जाते. मांजराच्या विषयात तेवढी मुभा असावी. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत शरणागतीवरून जुना वाद आहे. वडकलै म्हणतात, माकडाचं पिल्लू आईला बिलगतं तसं भक्ताने देवाला स्वतः घट्ट धरावं. तेंकलै म्हणतात, मांजराच्या पिल्लासारखं अंग सोडून द्यावं, आई मानगुटीला धरून नेईल तिकडे जावं. ज्याला आपण स्वातंत्र्याचं निशाण करून ठेवलंय, तेच जनावर त्या आचार्यांना संपूर्ण शरणागतीचा दृष्टान्त म्हणून सुचलं! त्यांनी पिल्लं पाहिली होती. किपलिंगने बहुधा नुसते बोके.

आणि पिल्लूच खरं असावं. मोठी मांजरं आपापसात गुरगुरतात, फिस्कारतात, शेपटीने बोलतात, पण म्याव फारसं करत नाहीत. म्याव हे पिल्लाचं आईशी बोलणं. मोठेपणी ते माणसासाठी राखलेलं असतं. मांडी पंजांनी मळणं हीही दूध पितानाची सवय. इंग्लंडच्या कॅरन मकॉम्ब यांना २००९ मध्ये असं आढळलं, की खायला मागणाऱ्या मांजराच्या घुरघुरीत एक उंच, रडवा सूर मिसळलेला असतो, आणि ज्यांनी मांजर कधी पाळलं नाही त्यांनाही त्यातली निकड कळते. तेव्हा माझ्या घरात राहते ती कुणी स्वतंत्र बाण्याची मैत्रीण नव्हे. ते म्हातारपणापर्यंत पिल्लूच राहणारं जनावर आहे, आणि त्याला तसं ठेवणारी मी आहे. ती खाण्यासाठी राहते हे कबूल. पण दूध मागणाऱ्या पिल्लाला मतलबी कोण म्हणतं?

'मांजर काय, स्वतंत्र असते' हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येतं ते सुट्टीला निघालेल्या घरांतून. वाडगाभर कोरडं खाणं, भांडंभर पाणी, आणि बाहेरून कुलूप. कुत्र्याला असं ठेवायला कुणी धजत नाही, तो मजला डोक्यावर घेतो. मांजरीवर ही वेळ आणण्यात तिच्या बाण्याचे गोडवे गाणाऱ्या आम्हा मंडळींचाच हात जास्त. दिवाळीत गावी जायचं आहे. किल्ली कुणाकडे द्यायची ते अजून ठरत नाही. नुसतं खाणं ओतून जाणारं नको, रोज तासभर बसणारं माणूस हवं.