मागे राहिलेले घर
परदेशी स्थायिक होणे म्हणजे घर निवडणे, अशी मांडणी ‘अ प्लेस इन द सन’ ही २००० साली सुरू झालेली ब्रिटिश दूरचित्रवाणी-मालिका करते. घरे पाहिली जातात, किमती तोलल्या जातात, सज्जातून समुद्र दिसतो. यात असत्य काही नसेलही. परंतु मागे राहिलेले घर चौकटीत येत नाही. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने (१९७३) नेमके तेच घर रंगमंचावर आणले. मुले परदेशी गेलेल्या पुण्यातील वृद्ध दांपत्यांना ते आजही ओळखीचे वाटावे. अर्थात दळवींचे चित्रही एकांगीच. अमेरिकेतील मुलाची बाजू तेथे अप्रत्यक्ष राहते. पण नाटकात त्याची अनुपस्थिती सतत जाणवते. मालिकेला कोणी अनुपस्थित असल्याचे भानच नसते. वगळणे कलेला अटळ आहे; वगळल्याची खूणही पुसून टाकणे हा मात्र नैतिक दोष होय.