शेवाळाचं देणं कुणी फेडायचं?

उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी मागे हटतं आणि पैठणच्या बाजूला काठाच्या उथळ पाण्यावर हिरवट साय धरू लागते. हेच पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या नळांना येतं. म्हणजे हे शेवाळ घालवायला हवंच. पण कसं?

एक उपाय ऐकायला फार देखणा आहे. शेवाळ खातात पाण्यातल्या बारीक पाणपिसवा. त्यांना खातात लहान मासे आणि लहान माशांना मोठे शिकारी मासे. मग मोठे मासे वाढवा. लहान मासे घटतील, पाणपिसवा वाढतील, शेवाळ आपोआप चरलं जाईल. औषध नको, यंत्र नको. १९७५ साली जोसेफ शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला 'बायोमॅनिप्युलेशन' असं नाव दिलं. अमेरिकेतल्या मेंडोटा तलावात १९८७ पासून शिकारी मासे सोडले गेले आणि पाणी निवळलंही. मग २००९ मध्ये तिथे एक परकी, काटेरी पाणपिसू सापडली. तिने शेवाळ चरणाऱ्या पिसवाच फस्त केल्या आणि पाणी पुन्हा गढुळलं. कारण शेतांतून येणारा फॉस्फरस थांबलेलाच नव्हता.

आपल्या उष्ण पाण्यात हे गणित आणखी अवघड. इथले बरेच मासे मिळेल ते खातात आणि तिलापिया तर पुन्हा पुन्हा पिल्लं घालतो.

'निसर्गात ढवळाढवळ नको' असं म्हणून मी यातून सुटू शकत नाही. नाथसागर मुळात माणसानेच केलेला. १९६५ साली पायाभरणी झाली आणि १९७६ साली धरणाचं उद्घाटन. त्यात रोहू-कटल्याचं बीजही आपणच सोडतो. ढवळाढवळ कधीचीच झाली आहे. प्रश्न आहे तो तिची किंमत कोण मोजतो, हा.

समजा, उपाय लागू पडला. मग 'मरळ पकडू नका' हे आपण कुणाला सांगणार? पहाटे जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला. पाण्यात खत गेलं उसाच्या फडांतून, मैला गेला शहरांच्या नाल्यांतून, आणि उपवास मात्र त्याच्या घरात. दुष्काळ पडला की वरच्या आणि खालच्या धरणांचं भांडण टीएमसीवर पेटतं. पाणी किती आलं, यावर आपण रस्त्यावर उतरतो. त्याच्याबरोबर काय आलं, यावर कुणी उतरताना दिसत नाही.

पैठणच्या एकनाथांची गाढवाची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. रामेश्वराला न्यायचं गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. आपण त्यातली दया लक्षात ठेवतो. मला अलीकडे त्यातली कावड आठवते. ती नाथांची स्वतःची होती. दुसऱ्याची कावड रिकामी करून त्यांनी पुण्य जोडलं नाही.

मासे जरूर सोडावेत. पण आधी नाले अडवावेत, खताचा हात आखडावा, आणि जाळं थांबवायचंच असेल तर त्या दिवसांची मजुरी पाणी पिणाऱ्या शहरांनी द्यावी. आपली कावड भरलेलीच ठेवून दुसऱ्याच्या जाळ्यातून देणं फेडायचं, याला उपाय म्हणत नाहीत.