फाईलमध्ये कारण असतंच

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे आले की सिझरची चर्चा चार दिवस तापते. २०१९-२१ च्या पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के आणि सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के होतं. मग कुणीतरी १५ टक्क्यांची पट्टी काढतं. ही पट्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८५ सालच्या ब्राझीलमधल्या बैठकीतली. पुढे २०१५ मध्ये खुद्द संघटनेनेच सांगितलं, की ठरावीक टक्का गाठत बसू नका, जिला गरज आहे तिला सिझर मिळतंय ना ते बघा. टक्केवारीवरून एकाही बाईच्या बाळंतपणाबद्दल काही कळत नाही. ‘डॉक्टर पैशासाठी कापतात’ हे रागाचं वाक्य झालं, आणि ‘हल्लीच्या मुलींना कळा सोसत नाहीत’ याला तर उत्तर देण्याचंही कारण नाही.

खोडून काढण्यासारखं म्हणणं आहे ते डॉक्टरांचं. ते म्हणतात, कुठलीही फाईल उघडा, प्रत्येक सिझरला कारण लिहिलेलं आहे. आणि ते खरंच असतं. ‘प्रगती नाही’, ‘बाळाचे ठोके घसरले’, ‘पाण्यात बाळाची शी’. यातलं बरंचसं खोटं नसतं, हे मी आधीच मान्य करतो. माझी तक्रार वेगळी आहे. कारण शेवटच्या पानावर असतं आणि आपण तिथूनच वाचायला लागतो.

अशी एक फाईल डोळ्यांसमोर आणा. पहिलटकरीण, रात्री अकराला दाखल, गर्भाशयाचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलेलं. सकाळी सहाला चार. ‘प्रगती नाही’ म्हणून पाणी फोडलं, कळा वाढवायची ड्रिप लावली, पोटाला ठोके मोजायचे पट्टे बांधले आणि तिला उताणं झोपवलं. नवऱ्याला, आईला बाहेर बसवलं. दहाला कागदावरची रेघ घसरली. दहा वीसला नवऱ्याची सही.

दहा वीसला डॉक्टर चुकले का? नाही. त्या क्षणी थांबणं हाच हलगर्जीपणा ठरला असता. पण सहाला नेमकं काय अडलं होतं? दर तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब १९५० च्या दशकातल्या एका अमेरिकी आलेखातून रुजला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडला आणि जोमाच्या कळांची सुरुवात पाच सेंटिमीटरपासून धरायला सांगितलं. म्हणजे या बाईचं बाळंतपण अजून नीट सुरूच झालं नव्हतं. पट्ट्यांचंही तसंच. ठरावीक वेळाने कान देऊन ठोके ऐकण्याशी तुलना केली तर सततच्या आलेखाने सिझर वाढतात. नवजात बाळांना येणारे झटके कमी होतात, हे खरं. पण बाळमृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी कमी झाल्याचं दिसलेलं नाही. कान द्यायला मात्र माणूस लागतं, आणि रात्रपाळीला एका नर्सकडे किती बायका असतात हे कुणी फाईलमध्ये लिहीत नाही.

म्हणून मी गरजेचे दोन प्रकार मानतो: सापडलेली गरज आणि घडवलेली गरज. वार तोंडावर आलेली आहे, नाळ बाळाच्या आधी खाली उतरली आहे, बाळ आडवं आहे, ही गरज सापडलेली. तिथे वाद घालणारा मूर्खच. घडवलेली गरजही शेवटच्या घटकेला तितकीच खरी असते, आणि अडचण नेमकी हीच आहे. दहा वीसची तपासणी करणारं कुठलंही ऑडिट या फाईलला उत्तीर्णच करणार.

यावर डॉक्टर मित्र म्हणतात, ही पश्चातबुद्धी आहे. शिवाय कळा आणवणं म्हणजे सिझरला आमंत्रण, हेही सिद्ध नाही. दुसरा मुद्दा बरोबर आहे. २०१८ सालच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणवलेल्या पहिलटकरणींमध्ये सिझर उलट कमी निघाले, १८.६ टक्के, वाट पाहिलेल्यांत २२.२. पण तिथे ‘अपयश’ म्हणण्याआधी भरपूर वेळ द्यायचा असं बजावलेलं होतं. म्हणजे दोष औषधाचा नव्हे, घड्याळाचा. आणि तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये घड्याळ कोण चालवतं? तीन ठिकाणी धावणारा भूलतज्ज्ञ. तो संध्याकाळी मोकळा आहे, मध्यरात्री मिळेल याची खात्री नाही. मग ‘आत्ताच करून घेऊ’. यात लोभ असेलच असं नाही. एकट्या डॉक्टरला ती भीती खरोखर वाटते. पश्चातबुद्धीच्या आरोपाला माझं उत्तर तेच: मी डॉक्टरला दहा वीसचा जाब विचारतच नाही. सहाला काय ठरलं, कुणी ठरवलं आणि तेव्हा बाईला विचारलं होतं का, एवढंच विचारतो.

घडवलेली गरज त्या एका बाळंतपणापुरती राहत नाही. एकदा सिझर झालं की पुढेही सिझरच, हे वाक्य १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांनी लिहिलं ते पहिलं सिझर टाळा असं बजावण्यासाठी. आपण त्याचा नियम केला. आज गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा घेतात, त्यामुळे योग्य निवड केली तर अशा बहुतेक बायका पुढच्या वेळी नैसर्गिकरीत्या बाळंत होऊ शकतात. मात्र जुना व्रण फाटला तर काही मिनिटांत पोट उघडायची तयारी हवी. ती ज्या दवाखान्यात नाही, तिथला डॉक्टर दुसऱ्या खेपेला ‘सिझरच करावं लागेल’ म्हणतो, तेव्हा तो खरंच बोलत असतो. त्याच्या फाईलमध्ये कारण म्हणून एवढंच असतं: ‘आधीचं सिझर’.