हाती दिलेले ते आपले नव्हे



परवा नात इंग्रजीचा अभ्यास करीत होती. तिने विचारले, "आजोबा, यूझर्प म्हणजे काय हो?" मी म्हटले, "बळकावणे. आपली नसलेली सत्ता घेऊन बसणे." मग तिने अ‍ॅरोगेट आणि एन्क्रोच हेही शब्द पुढे ठेवले. शेवटी मोठा शब्दकोश काढावा लागला.

एन्क्रोच म्हणजे अतिक्रमण. त्याच्या मुळाशी आकडा या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द आहे. आकडा अडकवायचा आणि हळूहळू ओढायचे! अ‍ॅरोगेट म्हणजे नसलेला अधिकार स्वतःचा म्हणून सांगणे. उद्धट माणसाला इंग्रजीत अ‍ॅरोगंट म्हणतात, तो शब्दही याच लॅटिन मुळातून आला. अनधिकार आणि अहंकार अशी सख्खी भावंडे! पण मी अडलो तो यूझर्पपाशी. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'वापरणे' असाही होता. वापरता वापरता माणूस मालक कसा होतो, हे त्या एका शब्दात साठले आहे.

इंग्लंडच्याच इतिहासात याचा दाखला आहे. १४८३ साली चौथा एडवर्ड राजा वारला. मुलगा अवघा बारा वर्षांचा. काका रिचर्ड राज्याचा रक्षक झाला. पुढे भावाचे लग्नच बेकायदा ठरवून पुतण्याचा हक्क नाकारला गेला आणि तीन महिन्यांच्या आत रक्षकच राजा झाला. तो मुलगा आणि त्याचा धाकटा भाऊ लंडनच्या किल्ल्यात होते. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. दोन वर्षांनी रिचर्डही रणात पडला.

आपल्याला भरत ठाऊक आहे. राज्य त्याच्याही हाती आले होते. त्याने सिंहासनावर पादुका ठेवल्या, स्वतः नंदिग्रामात राहिला आणि चौदा वर्षांनी ज्याचे त्याला परत दिले. कारभार दोघांनीही केला. एकाने परत देण्याचा दिवस मनात जपला, दुसऱ्याने तो पुसून टाकला.

मी रिचर्डला नावे ठेवीत होतो, तोच एक गोष्ट आठवली. आमच्या दिंडीच्या मुक्कामांची वही ११ वर्षे माझ्याकडे होती. गेल्या वारीआधी एका तरुणाने नम्रपणे ती मागितली. मी म्हणालो, "तुला जमायचे नाही, लोकांचे हाल होतील." काळजी खरी होती, पण तिच्या आड 'माझी वही' लपली होती. नवख्याला सोबत राहून शिकवता आले असते. ते मला सुचलेच नाही, कारण मला सोडायचेच नव्हते.

पहाऱ्यात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोघे एकमेकांच्या पाया पडतात. उतरवणाऱ्याला वाटत नाही की आपले काही गेले. घराची किल्ली, मंडळाचे पद, दिंडीची वही, सगळे असेच गळ्यात घालावे. ते कोणी मागितले की मनात काय उठते, तेवढे पाहावे. राग उठला तर आकडा अडकला समजावे.

यंदा वही त्या तरुणाच्या हाती दिली. त्याने पायाला हात लावला. मीही वाकलो.