दान आणि देणे

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध विधवा राहते. मूलबाळ नाही, दिराच्या घरामागे एक खोली, दारात चार केळी आणि एक शेवग्याचे झाड, एवढाच तिचा संसार. उमेदीच्या काळात तिने लोकांच्या वाड्यांत भाजी खुडली, डोक्यावर टोपली घेऊन बाजार केला. राज्य शासनाच्या श्रावणबाळ योजनेतून तिला दरमहा १५०० रुपये मिळत असत. एका महिन्यात ते आले नाहीत. पुढच्या महिन्यातही आले नाहीत. बँकेने कचेरीकडे बोट दाखविले, कचेरीने बँकेकडे. आधार क्रमांक खात्याशी जोडलेला नाही, असे तिसऱ्या खेपेला कळले. तो जोडण्यासाठी ती गेली, तर यंत्रावर तिच्या बोटांचे ठसे उमटेनात. साठ वर्षे माती उपसलेल्या बोटांवर रेषा तरी किती उरणार?

ही गोष्ट आम्हां काही जणांच्या कानी आली आणि आम्हांला जे सुचायचे तेच सुचले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर आम्ही थोडे थोडे पैसे गोळा करू लागलो आणि एका पाकिटात १५०० रुपये घालून तिच्या घरी नेऊन देऊ लागलो. चौदा महिने हा क्रम चालला. मावशी आशीर्वाद देत. आम्ही समाधानाने घरी परतत असू.

चौदाव्या महिन्यात एका बैठकीत, आदिवासी पाड्यावर काम करणाऱ्या एका सिस्टरनी आम्हांला विचारले, "मावशींचे भागले, हे चांगलेच झाले. पण त्यांचे पैसे गेले कुठे, हे तुमच्यापैकी कुणी विचारले का? पाड्यावरच्या नऊ जणींचे पैसेही तेव्हापासूनच बंद आहेत. त्यांच्याकडे पाकीट कोण नेते?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या प्रश्नाने आम्हांला जो विचार करावयास लावला, तो वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखप्रपंच. आमची दया खोटी नव्हती. परंतु तिचा परिणाम काय झाला होता? ज्या एका वृद्धेपाशी अर्ज लिहू शकणारी, साहेबांपुढे उभी राहू शकणारी माणसे होती, त्या माणसांना आता अर्ज लिहिण्याची गरज उरली नव्हती. कचेरीच्या बाजूने पाहिले तर आमच्या पाकिटाने एक तक्रार परस्पर मिटविली होती. ज्यांच्या वतीने बोलणारे कुणी नव्हते, त्या नऊ जणी मात्र होत्या तिथेच राहिल्या. आमच्या दानधर्माने अन्यायावर जणू पांघरूण घातले होते.

आपल्या मराठी भाषेत 'देणे' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. एखाद्याला काही देणे, हा त्याचा एक अर्थ. आणि एखाद्याचे आपल्याकडे असलेले देणे, म्हणजे ऋण, हा दुसरा. दान देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. देणे घेणाऱ्याच्या हक्कावर. दान थांबले तर आपण दात्याला जाब विचारीत नाही. पण देणे थकले तर तो आपला अधिकारच असतो. सरकारकडून येणारे ते १५०० रुपये यांपैकी काय आहेत, हा खरा नैतिक प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने पूर्वीच देऊन ठेवले आहे. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजारपण व विकलांगता अशा प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, अशी तरतूद राज्याने करावी, असे सांगितले आहे. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांपैकी आहे; त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही. म्हणून ते निरर्थक आहे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या आक्षेपाला उत्तर दिले होते. ही तत्त्वे मोडणाऱ्या सत्ताधाऱ्याला न्यायालयापुढे उत्तर द्यावे लागले नाही तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे ते निश्चित द्यावे लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजेच, जाब विचारण्याचे काम घटनाकारांनी आपल्यावर सोपविले. आपण विचारलेच नाही, तर ते कलम मुके राहते.

पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात निवृत्तिवेतनाविषयी निर्णय दिला. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही, उमेदीच्या काळात केलेल्या सेवेचे ते देणे आहे, हे त्या निकालाचे सार. तो खटला सरकारी सेवकांचा होता हे खरे. पण वाड्यांत राबलेल्या बाईने समाजाची सेवा केली नाही, असे कोण म्हणेल? तिच्या कष्टाची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात झाली नाही, एवढाच काय तो फरक.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ साली 'पाचेम इन तेरिस' या विश्वपत्रात माणसाचे हक्क सांगताना वैद्यकीय उपचार, आणि आजारपण, अपंगत्व, वैधव्य व वार्धक्य यांत आधार मिळण्याचा हक्क स्पष्टपणे नोंदविला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या कार्याविषयीच्या हुकूमनाम्यात त्याहून कठोर बजावणी केली. न्यायाने जे द्यावयाचे आहे ते दयेची भेट म्हणून देऊ नये. आधी न्यायाची मागणी पुरी करावी, असा तिचा आशय आहे. आमची चौदा पाकिटे या कसोटीला उतरत नाहीत, हे आम्हांला कबूल करावेच लागेल.

यावर काही आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, सरकार तरी कुठून आणणार? लोकसंख्या अफाट, तिजोरी मर्यादित. ४१ व्या अनुच्छेदातही आर्थिक कुवतीची मर्यादा सांगितलीच आहे. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा माणूस रेल्वेगाडीतून पडून डोक्याला गंभीर जखमी झाला. कुठे सोय नाही, कुठे खाट रिकामी नाही, असे सांगत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. अखेर खाजगी रुग्णालयात पैसे मोजून त्याच्यावर उपचार झाले. शेतमजुरांच्या संघटनेने त्याच्या वतीने दाद मागितली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली आणि माणसाचा जीव वाचविण्याच्या घटनात्मक कर्तव्यातून पैसे नाहीत या सबबीवर राज्याला सुटता येणार नाही, असे बजावले.

शिवाय, पैसे नाहीत असे म्हणणाऱ्याने आपली वही उघडून दाखविली पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्र सरकारचा वाटा १९९५ साली ७५ रुपये होता. २००६ साली तो २०० रुपये झाला, आणि ८० वर्षांखालील वृद्धांसाठी आजही तो २०० रुपयेच आहे. या काळात तांदूळ, तेल, औषधे यांचे भाव कुठे गेले, ते प्रत्येक गृहिणी जाणते. याला कुवतीची मर्यादा म्हणावे की विस्मरणाची? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो की, त्यांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे. कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. तरीही महाराष्ट्रात निराधार दिव्यांगाला इतर निराधारांइतकेच १५०० रुपये मिळत राहिले. ते २५०० झाले २०२५ साली, आणि तेही दिव्यांगांना मोर्चे व उपोषणे करावी लागल्यानंतर. कायदा आपल्या पायांनी चालत नाही. त्याला कुणीतरी चालवावे लागते.

दुसरा आक्षेप आपल्या घरांतून अधिक ऐकू येतो. सरकारला जाब विचारणे म्हणजे राजकारण. ते भाविक माणसाचे काम नव्हे. अधिकाऱ्यांचा मान राखावा, असे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. पण हिशेब विचारणे हा अपमान असतो का? आपल्या पतपेढीच्या वार्षिक सभेत सभासद उठून खजिनदाराला खर्चाचे तपशील विचारतात. खजिनदार प्रामाणिक असेल तर तो रागावत नाही, वही पुढे करतो. विश्वस्ताला हिशेब विचारणे म्हणजे त्याच्या विश्वस्तपणाचा मान राखणे होय. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला, तो राज्य उलथविण्यासाठी गेला नव्हता. गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगून त्याने राजाला त्याच्याच न्यायबुद्धीची आठवण करून दिली. आणि लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा! न्यायाधीश देवाला भीत नव्हता, माणसांना जुमानत नव्हता. तरी ती पुन्हा पुन्हा त्याच्या दारी गेली. तो दाखला आपण प्रार्थनेत चिकाटी असावी म्हणून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण ती बाई न्यायाधीशाकडे भिक्षा मागत नव्हती, न्याय मागत होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

हिशेब मागण्याची रीत आपल्या देशाला शिकविली ती राजस्थानातील गरीब मजुरांनी. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये जनसुनावण्या सुरू केल्या. सरकारी कामांची बिले आणि हजेरीपत्रके गावापुढे मोठ्याने वाचली जात. हजेरीपत्रकांत कधी मेलेल्या माणसांचीही नावे निघत. त्या मागणीतून देशभर चळवळ उभी राहिली. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला आणि २००५ साली तो देशासाठी झाला. २००७ पासून आपल्या राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांत, आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. दवाखान्यात औषध मिळते का, परिचारिका गावात येते का, याला गावकरी हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत आणि तो तक्ता जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवीत. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही लाल रंग वाचता येतो.

तिसरा आक्षेप कुणी घेत नाही, म्हणून तो आम्हीच घेतो. हिशेब मागणाऱ्याचे हात स्वच्छ आहेत का? वर्षाला २१,००० रुपयांच्या उत्पन्नमर्यादेत बसावे म्हणून खोटा दाखला आपल्यापैकी कुणी काढलेला नाही का? चहापाण्याचे पैसे देऊन फाईल पुढे सरकविलेली नाही का? ओळखीच्या पुढाऱ्याला फोन करून आपल्या माणसाचे काम करून घेतले, याला आपण सेवा म्हणत आलो आहोत. वशिल्याने एक नाव वर सरकते आणि रांगेत उभे असलेले दुसरे नाव खाली जाते. जाब विचारल्याने रांगच सरळ होते. जो वशिला वापरतो, त्याला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. आणि कचेरीला हे पक्के ठाऊक असते.

शेवटी आम्ही अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक कागद आणि दोनच प्रश्न : या दहा जणींचे अनुदान कोणत्या तारखेपासून व कोणत्या कारणाने बंद आहे, आणि तसा निर्णय कुणी घेतला? कायद्याने उत्तर ३० दिवसांत यावयाचे होते. ते अपील केल्यानंतर आले. कुणी निर्णय घेतला, याची नोंदच आढळली नाही. तरीही पुढील काही महिन्यांत मावशींचे अनुदान सुरू झाले. पाड्यावरच्या नऊ जणींपैकी सहा जणींचेही झाले. दोघींचे कागद अजून फिरत आहेत. नवव्या नावापुढे 'मयत' असा शेरा होता. अनुदान बंद करताना कारण नोंदवायला ज्यांना सवड झाली नाही, त्यांनी ही नोंद मात्र वेळेवर केली होती.

तिच्या घरी आमचे पाकीट कधी गेले नव्हते, आणि आमचा अर्जही वेळेवर पोहोचला नाही. या दोन्ही गोष्टींचा हिशेब आम्हांला द्यावा लागेल.

म्हणून दानधर्म सोडावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. भुकेलेल्याला माहिती अधिकाऱ्याच्या उत्तराची वाट पाहावयास लावणे ही क्रूरता होईल. पाकीट जाऊ द्या. पण त्याच्याबरोबर एक वहीही जाऊ द्या. कुणाचे अनुदान केव्हा बंद झाले, कुणाला दवाखान्यात औषध मिळाले नाही, कुणाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अडले, कोणत्या तारखेला कोण काय म्हणाले, हे त्या वहीत लिहिले जावे. आणि तिच्यात आपल्या धर्मग्रामातील नावांबरोबर पाड्यावरची नावेही असावीत. आमच्याकडे अशी वही आता आहे. दोन नावे अजून उघडी आहेत. येत्या सोमवारी आम्ही पुन्हा कचेरीत जाणार आहोत.