उगारलेला हात, आवरलेला हात

रविवारची दुसरी मिस्सा आटोपली, की आमच्या चर्चच्या सभागृहातून एका सुरात उठणारे हुंकार ऐकू येतात. काही वर्षांपूर्वी तेथे कराटेचा वर्ग सुरू झाला, तेव्हा जेमतेम दहा-बारा मुले होती. आज दोन पाळ्यांत वर्ग भरतो. मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली आहे. शेजारच्या वाड्यांतून, अन्य धर्मीयांच्या घरांतूनही मुले येतात. सभागृहाच्या कपाटात करंडकांना जागा उरलेली नाही. आपल्या छोट्याशा गावातील एक उपक्रम असा वाढीस लागला, याचा आम्हां सर्वांना अभिमान वाटतो.

मात्र मध्यंतरी एक प्रसंग घडला. वर्गातील एका मुलाने शाळेत चिडवणाऱ्या सोबत्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा दात पडला. त्यानंतरच्या पालकसभेत एका आजींनी सरळच विचारले, “ज्या आवारात आपण पोरांना हात जोडायला शिकवतो, तिथंच हात उगारायला शिकवायचं का?” सभेत कोणालाच चटकन उत्तर देता आले नाही. तो प्रश्न आमच्या मनातून अद्यापि गेलेला नाही.

पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशूने दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण दिली, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्याच प्रभूला महायाजकापुढे एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा तो मुकाट राहिला नाही, असे संत योहान सांगतो. त्याने हात उचलला नाही, तसेच मानही खाली घातली नाही. माझे काय चुकले ते दाखव, नाहीतर मला का मारतोस, असे त्याने त्या शिपायाला विचारले. गेथशेमाने बागेत तलवार म्यान करायला सांगताना, आपण मागितले तर देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक बळ पित्याकडून मिळेल, हेही त्याने शिष्याला ऐकवले. सामर्थ्य असूनही त्याने ते वापरले नाही, म्हणून त्याच्या सोसण्याला अर्थ आला.

आम्हांला वाटते, विचार येथूनच सुरू व्हावा. ज्याला प्रतिकार करताच येत नाही, त्याच्या गप्प बसण्याला आपण घाईने क्षमा म्हणतो. पुष्कळदा ती केवळ भीती असते आणि आतल्या आत ती सूडाला खतपाणी घालते. शिवाय, पुढे करायचा गाल माझा असतो. दुबळ्या शेजाऱ्याचा किंवा धाकट्या बहिणीचा गाल परस्पर पुढे करण्याचा अधिकार मला कोणी दिला? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच सांगून ठेवले, की स्वतःचा जीव वाचवण्यासाठी केलेला प्रतिकार न्याय्य आहे; परंतु गरजेपेक्षा अधिक बळ वापरले, तर तोच प्रतिकार अन्याय ठरतो. १९९२ साली ख्रिस्तसभेने प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने ही शिकवण पुन्हा मांडली आणि ज्याच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे, त्याच्यासाठी असे रक्षण हे गंभीर कर्तव्यही ठरू शकते, असे स्पष्ट केले. रात्री उशिराच्या लोकलने परतणारी आपली मुलगी घरी येईपर्यंत दारात उभ्या राहणाऱ्या आईला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तेव्हा हात उगारायला शिकण्यात पाप नाही. अडचण आहे ती ‘गरजेपेक्षा अधिक’ या शब्दांत. गरज कोठे संपते, हे ऐन क्षणी ओळखणार कोण? रागावलेल्या मुलाला ती संपल्याचे कधीच कळत नाही. प्रहार शिकायला काही महिने पुरतात. आवरायला शिकण्यास वर्षे लागतात. वर्ग झपाट्याने वाढतो, तेव्हा पहिले शिकवले जाते आणि दुसरे राहून जाते.

ज्या गुरूंनी ही विद्या जपानभर नेली, त्यांना हा धोका ठाऊक होता. ओकिनावातील शाळामास्तर गिचिन फुनाकोशी १९२२ साली कराटेचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी टोकियोला आले आणि तेथेच राहिले. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात ते शिकवत आणि पोटासाठी तेथेच झाडलोट करीत, पहारा देत. कराटेचा आरंभ व अंत वंदनाने व्हावा आणि पहिला प्रहार कधीही आपला नसावा, ही त्यांची शिकवण. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतील एका मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत आपली शाळा उघडली. पहिल्या वर्षी शिष्य होते नऊ. १९६४ साली ज्यूदो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. तरीही नवशिक्याचा पहिला धडा आजही पडायचे कसे हाच असतो, आणि आपण ज्याला पाडतो त्याला इजा होऊ न देण्याची काळजी पाडणाऱ्यानेच घ्यायची असते.

आमच्या वर्गाचे प्रशिक्षक त्या मुलाला घेऊन दात पडलेल्या मुलाच्या घरी गेले. मुलाने क्षमा मागितली. मग प्रशिक्षकांनीही मागितली. हात कसा चालवायचा ते शिकवले, कधी थांबवायचा ते शिकवायला मी कमी पडलो, असे ते म्हणाले. त्या घरच्या आईने त्यांना बसायला सांगितले नाही. तिचे काही चुकले, असे आम्हांला वाटत नाही.

चुकले ते आमचे. चर्चच्या सणाच्या दिवशी मुलांनी हाताने कौले फोडली, तेव्हा आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. त्यापूर्वी तीच मुले एकमेकांना वाकून वंदन करीत होती, तेव्हा आम्ही खुर्च्या सरकवीत होतो, गप्पा मारीत होतो. मुले कोणत्या गोष्टीला टाळी मिळते ते बरोबर हेरतात. त्या घरी प्रशिक्षकांच्या मागे आम्ही पालकांनीही उभे राहायला हवे होते.

वर्ग बंद करावा, असे आम्ही म्हणत नाही. तो आणखी वाढावा, हीच इच्छा आहे. फक्त वाढ मोजण्याचे माप बदलावे. पुढच्या पट्ट्याची परीक्षा होईल, तेव्हा प्रशिक्षकांनी एक प्रश्न पालकांनाही विचारावा: गेल्या सहा महिन्यांत या मुलाने घरात धाकट्या भावंडावर किती वेळा हात उगारला? आणि उत्तर देण्यापूर्वी, त्याच सहा महिन्यांत आपण मुलांवर किती वेळा हात उगारला, हे आम्ही पालकांनी प्रभूसमोर बसून आठवावे. त्या आजींच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, तर सुरुवात आमच्याच हातांपासून करावी लागेल.